वसईचे दगड आणि बांधावरचा वीरगळ

विट्याकडचा माणूस मुलखात कुठंही भेटतो. सोन्याचांदीच्या गलाईपायी आमच्या भागातली पोरं सगळ्या देशभर पांगली आहेत. माझा पुतण्या वसईला असतो. त्याच्या पोरीच्या बारशाला गेलो तेव्हा त्याला म्हणलं, चिमाजी आप्पांनी घेतलेला किल्ला तेवढा दाखव.

तटबुरूज बघायचे म्हणून गेलो, तर आत चर्चच चर्च. छपरं गेलेली, भिंती उभ्या, त्यातनं झाडांची मुळं उतरलेली. सेंट जोसेफचं चर्च १५४६ सालचं, पुढं १६०१ ला वाढवलेलं. त्याचा मनोरा अजून उभा आहे. फ्रान्सिस्कन साधूंच्या चर्चमध्ये शिरलो आणि पाय थबकला. खाली थडग्यांच्या शिळा. शिळेवर पोर्तुगीज अक्षरं, काहींवर घराण्याची चिन्हं कोरलेली. एवढ्या पावसाळ्यांनी धुऊनसुद्धा अक्षराची धार गेलेली नाही. मी चपला काढून हातात घेतल्या.

पुतण्या म्हणाला, "तात्या, देऊळ न्हाई हे."

म्हणलं, "माणसं हायती की खाली."

तिथं वसईचेच एक ख्रिस्ती गृहस्थ भेटले. माझ्याच वयाचे, केळीची वाडी असलेले. शेतकरी म्हणल्यावर आधी भाव, पाणी आणि सुकेळी यांवरच अर्धा तास गेला. मग त्यांनी जेझुइटांचं चर्च दाखवलं. गोन्सालो गार्सिया हे वसईत जन्मलेले संत. १५९७ साली जपानात नागासाकीला त्यांना क्रुसावर चढवलं. त्यांच्या सणाला तिथं अजून लोक जमतात.

मी विचारलं, "त्या थडग्यातली माणसं तुमची कोण?"

"कोणी नाही. ते पोर्तुगीज साहेब लोक. आमचे वाडवडील इथलेच, मातीत राबणारे. पण दगड आमच्या गावात आहेत, मग बघायचं कोणी?"

वसई मराठ्यांनी मे १७३९ मध्ये घेतली. तिथल्या चर्चच्या घंटा मग आपल्या देवळांत आल्या. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या घाटावर, त्यातली एक मी पूर्वी बघितली होती. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू, खाली १७०७ साल. गलाईवाल्याच्या घरातला माणूस म्हणून माझी नजर आधी धातूवर गेली. एवढा ऐवज वितळवायला कितीसा वेळ? लढाईच्या काळात तोफेला धातू लागतच असणार. पण वितळवणं राहू द्या, त्या मायलेकरांच्या चित्राला कुणी कानससुद्धा लावली नाही. आहे तशी टांगली. शत्रूच्या देवाची घंटा आपल्या महादेवापुढं वाजते, याचं मला लई कौतुक वाटतं.

हे सगळं सांगायचं कारण आमच्या बांधावर आहे. टेंभूचं पाणी आलं तेव्हा पाइपलाइनची चर खणताना एक वीरगळ निघाला. खालच्या कप्प्यात गाई आणि तलवार उगारलेला गडी. मधल्या कप्प्यात त्याला अप्सरा वर नेतात. वरच्यात तो पिंडीपुढं हात जोडून बसलाय. माथ्याला चंद्र-सूर्य. गुरं वळवून नेणाऱ्यांशी लढताना मेलेला माणूस. वसईच्या थडग्यांवर नावं तरी आहेत. ह्याला नाव नाही, गाव नाही.

आता गावात देवळाचा जीर्णोद्धार निघालाय. ठेकेदाराला हा दगड पायरीला पसंत पडला. जाड आहे, सरळ आहे, कोरलेली बाजू खाली घातली की झालं, म्हणतो. कमिटीतली पोरंही तेच म्हणतात. वाईट नाहीत ती पोरं, वर्गणीसाठी दारोदार हिंडलीत. एकानं मला विचारलं, "तात्या, एका दगडासाठी एवढं काय?"

म्हणलं, "गुरं राखताना मेलाय बाबा. कुणाची होती ती गुरं? गावाचीच की."

पायरीसाठी दुसरा घडीव दगड मी देतो म्हणून सांगितलंय. ट्रॅक्टर माझा, खाणीपासूनचं भाडं माझं. वीरगळ तोवर विहिरीजवळच्या लिंबाखाली उभा करून ठेवलाय. काम दसऱ्यानंतर सुरू होणार. कमिटीनं अजून हो म्हणलेलं नाही.