ओल्या पोत्यावरचं चॉकलेट

यंदा लेकीला 10 वर्षं पूर्ण झाली. तिचा वाढदिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो. शाळेला सुटी लागलेली असते, त्यामुळे वर्गात चॉकलेटं वाटायचं भाग्य तिला कधीच लाभलं नाही. गल्लीतली लेकरं हाच तिचा वर्ग. या वेळी तिनं आधीच सांगून टाकलं, "दुकानातला केक नको. आत्यानं डिसेंबरात केलं होतं ना, ते बिस्किटांचं चॉकलेट, तेच कर."

आत्या म्हणजे माझी नणंद. ती इंग्लंडात लेस्टरला राहते. डिसेंबरात आली तेव्हा तिनं आमच्या जुन्या जालन्यातल्या स्वयंपाकघरात हा पदार्थ केला होता. मारी बिस्किटं हातानं मोडली, चॉकलेट, लोणी आणि मिल्कमेड वितळवून त्यात कालवली, ताटात थापली आणि ताट तसंच ओट्यावर ठेवून आम्ही गप्पा मारत बसलो. सकाळी पाहतो तर सुरी टकटक वाजावी इतकी घट्ट वडी. ओव्हन नको, अंडं नको. आमच्या घरी ओव्हन नाही आणि सासूबाई अंडं खात नाहीत, म्हणून हा पदार्थ सगळ्यांच्याच मनात भरला. तिकडे याला 'टिफिन' म्हणतात, असं नणंद म्हणाली. आपल्या इथल्या साहेबांच्या बोलीत रुळलेला शब्द तिकडे एका वडीचं नाव होऊन बसला, याचं मला फार अप्रूप वाटलं. 2011 साली राजपुत्र विल्यमच्या लग्नात मोठ्या केकच्या जोडीला त्याच्या आवडीचा चॉकलेट-बिस्किटांचा केक होता, तोही याच घराण्यातला. जाताना तिनं साहित्य आणि कृती एका कागदावर लिहून फ्रीजच्या दारावर लावली. शेवटून दुसरी ओळ होती, 'रूम टेंपरेचरला येऊ द्या, मग 2 तास फ्रीज.'

ती ओळ मी शंभरदा वाचली असेन. डिसेंबरात ती खरी होती. मेमध्ये काय होईल, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही.

वाढदिवसाच्या तीन दिवस आधी मी सुरुवात केली. नणंदेनं ठेवलेलं 200 ग्रॅम डार्क चॉकलेट होतं. पातेल्यात दोन कप पाणी, वर स्टीलचा डबा, डब्याचं बूड पाण्याला टेकणार नाही असा. पाण्याला उकळी आणायची नाही, नुसती वाफ धरू द्यायची. चॉकलेट सुरेख विरघळलं, चमच्यावरून रेशमासारखं सुटायला लागलं. तेव्हा मला सुचलं की यात आपल्याकडचं काहीतरी घालावं. माहेर घनसावंगी तालुक्यातलं. वडिलांची मोसंबीची बाग 2012-13 च्या दुष्काळात वाळली. टँकरनं पाणी घालूनही झाडं हाती लागली नाहीत. त्या वर्षी आमच्या भागात बागाच्या बागा अशा उभ्या वाळल्या आणि लोकांनी डोळ्यांदेखत त्यांचं सरपण केलं. वडिलांनी पुन्हा रोपं लावली, पुन्हा पाच वर्षं वाट पाहिली. जालन्याच्या मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यांची नवी झाडं अजून कमरेइतकी होती. त्या बागेतली मृग बहाराची शेवटची फळं भावानं पाठवली होती. वाढदिवसाच्या वडीत आजोळची मोसंबी असावी, एवढंच माझ्या मनात होतं.

फळ धुतलं, आणि घाईघाईत न पुसताच डब्यावर धरून साल किसायला लागले. दोन-चार थेंब आत पडले असतील. मी चमचा फिरवला आणि बघता बघता ते रेशीम आटलं. आधी दाटसर, मग रवाळ, मग ओल्या मातीसारखा एक गोळा. आच कमी केली, जोरात घोटलं, काही उपयोग नाही. चॉकलेटमध्ये साखर आणि कोको अगदी कोरडे, स्निग्धात बुडालेले असतात. पाण्याचा थेंब मिळाला की साखर तो पकडते, ओली होते आणि कण एकमेकांना चिकटतात. भरपूर पाणी किंवा दूध असेल तर सगळंच पातळ होतं. थोडं पाणी मात्र घात करतं. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या क्षणी नुसतीच गॅससमोर उभी होते आणि डोळे भरून आले होते. हे चॉकलेट नणंदेनं लेकीसाठीच मागे ठेवलं होतं.

सासूबाई देवघरातून उठून आल्या. "कामून रडायलीस गं? गोळा झाला तर झाला, दूध टाक त्याच्यात." त्यांनी अर्धा लिटर दूध तापवून थोडं थोडं ओतलं आणि घोटत राहिल्या. गोळा सुटला. रात्री सगळ्यांनी मोसंबीच्या वासाचं कडसर गोड दूध प्यायलं. सासूबाईंना मी त्याआधी चॉकलेट पिताना कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून दुधाच्या चॉकलेटचे बार आणले. या वेळी एक थेंब पडू दिला नाही. बिस्किटं कालवली, सासूबाईंच्या वड्यांच्या ताटात थापली आणि कागदावर लिहिलं होतं तसं रूम टेंपरेचरला येण्याची वाट पाहू लागले. संध्याकाळचे सात वाजले, आठ वाजले. ताट हाताला गरमच. स्लॅबचं घर, दिवसभर बेचाळीस अंशांत तापलेलं, रात्री ते आपली धग आत सोडतं. भिंतीवरच्या तापमापकावर 36 दिसत होतं. चॉकलेटातलं कोको बटर साधारण 34 अंशांना वितळतं. आपल्या अंगाच्या उष्णतेपेक्षा ते थोडं कमी, म्हणूनच चॉकलेट हातात घट्ट राहतं आणि जिभेवर ठेवलं की विरघळतं. आमचं स्वयंपाकघर त्या रात्री जिभेइतकंच गरम होतं. तिथं ते घट्ट व्हावं तरी कसं?

मला ते तेव्हा कळलं नाही. घाई झाली म्हणून मी गरम ताट उचलून थेट फ्रीजरमध्ये सरकवलं. तासाभरानं वीज गेली. अंधारात दोनदा दार उघडून पाहिलं, तेवढ्यात असलेली थंडीही घालवली. वीज आल्यावर, रात्री बाराला ताट बाहेर काढलं तर वरचा पापुद्रा दगड, सुरी घातली की तडे जाणारा, आणि आत चिखल. बाहेरची हवा लागताच सगळ्यावर दव धरलं. सकाळी त्यावर पांढुरके डाग पडले होते.

त्या ताटाकडे सासरे, म्हणजे आमचे बाबा, बराच वेळ पाहत राहिले. त्यांनी 26 वर्षं जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये काढली, त्यातली बरीचशी कूलिंग बेडवर. घरात ते कमी बोलतात. स्वयंपाकातलं तर त्यांनी कधी काही विचारलेलं मला आठवत नाही. त्या दिवशी त्यांनी सुरीच्या टोकानं वरचा थर टोकरला, आतला भाग अंगठ्यानं दाबला आणि म्हणाले, "हे एकदम गार केलंस ना? वरचं कातडं आकसलं, पोट तसंच राहिलं."

मग ते बोलत गेले आणि मी चहा तसाच ठेवून ऐकत राहिले. बिलेट भट्टीत हजार-अकराशे अंशांच्या वर तापतं, रोलमधून लांबत लांबत सळई होते, हे आम्हाला माहीत होतं. जालन्यात राहणाऱ्या कुणालाही माहीत असतं. पण सळईचा जीव पुढे ठरतो, असं ते म्हणाले. लाल सळई पाण्याच्या पेटीतून सर्रकन जाते. वरचं कातडं क्षणात गार आणि कडक होतं, गाभा मात्र तापलेलाच असतो. ती कूलिंग बेडवर येऊन पडली की गाभ्यातली उष्णता हळूहळू बाहेर येते आणि त्या कडक कातड्याला नरमवते. म्हणून ती वाकते पण मोडत नाही. "या नरमवण्याला टेम्परिंग म्हणतात. पाणी कमी-जास्त झालं, बेडवर गर्दी झाली, की माल बिघडला. तापवणं सगळ्यांना दिसतं बाई. गार करणं कुणी बघत नाही."

टेम्परिंग हा शब्द ऐकून मी उठलेच. आदल्या रात्री मोबाईलवर वाचताना तोच शब्द चॉकलेटबद्दल सापडला होता. कोको बटर सहा तऱ्हांनी गोठू शकतं. त्यातल्या पाचव्या तऱ्हेलाच चमक आणि कडक तुकडा मिळतो, आणि ती साधण्यासाठी चॉकलेट तापवून, गार करून, पुन्हा किंचित गरम करावं लागतं. हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. लोखंडाचं टेम्परिंग आणि चॉकलेटचं टेम्परिंग, आतली गोष्ट वेगळी आहे, हे मलाही कळतं. पण 26 वर्षं ज्या कामाबद्दल त्यांना घरात कुणी काही विचारलं नाही, ते काम त्या सकाळी आमच्या ओट्यावर आलं होतं.

तिसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत मी कुंडलिकेचा पूल ओलांडून नव्या जालन्यात गेले आणि बेकरीचं सामान मिळतं त्या दुकानातून डार्क कंपाऊंडची लादी घेतली. कंपाऊंडमध्ये कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते, ती उन्हाला जास्त टिकते आणि टेम्परिंगही मागत नाही. चवीला ते अस्सल चॉकलेटच्या खालीच, टाळूला किंचित तेलकट थर राहतो. हे मी लपवणार नाही. ती उणीव भरायला मी दोन चमचे कोको पावडर आणि मिठाची एक चिमूट घातली.

प्रमाण असं जमलं: 300 ग्रॅम मारी, 300 ग्रॅम कंपाऊंड, 200 ग्रॅम मिल्कमेड आणि लोणी फक्त 60 ग्रॅम. कागदावर 100 होतं, पण जास्त लोणी म्हणजे मऊ वडी, आणि मे महिन्याला मऊपणाची मदत नको. बिस्किटांचा भुगा करायचा नाही. नखाएवढे तुकडे ठेवायचे आणि मूठभरच चुरा. तुकडे नसतील तर दाताखाली काही येत नाही, आणि चुरा नसेल तर वडी धरून राहत नाही. मूठभर भाजलेले, सोललेले शेंगदाणे. मोसंबीची साल या वेळी आदल्या रात्रीच किसून ठेवली होती, फक्त वरची पिवळी, खालची पांढरी कडू असते. कापडावर पसरून ती खडखडीत वाळली होती.

वाढदिवसाच्या सकाळी थापायला सासूबाई बसल्या. नारळाच्या वड्या, शेंगदाण्याच्या वड्या, सगळ्या याच ताटात झालेल्या. बटरपेपर नव्हता, तर त्यांनी दुधाची पिशवी कापून, धुऊन, पुसून, उलटून अंथरली. वाटीच्या बुडाला तूप लावून कडेपासून मध्याकडे दाबत आणलं. आणि मी ताट उचलायला गेले तेव्हा माझा हात धरला. "आधी रेघा मार. गार झाल्यावर वडी कापत नसतात." कोमट असतानाच सुरीनं आडव्या-उभ्या रेघा ओढल्या, तळापर्यंत न जाता. चोवीस चौकोन.

गार करायचं काम सासऱ्यांनी आपल्याकडे घेतलं. न्हाणीघराजवळच्या सावलीत, जिथं रांजण ठेवलेला असतो, तिथं त्यांनी एक पोतं भिजवून पिळून अंथरलं, त्यावर पालथी परात, परातीवर ताट, आणि ताटावर कोरडं झाकण, पाण्याचा थेंब उडू नये म्हणून. आमच्याकडची हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी असते की ओलं पोतं तासाभरात थंडगार पडतं. रांजणातलं पाणी गार होतं त्याच कारणानं. दर वीस मिनिटांनी ते पोत्यावर पाणी शिंपडायचे आणि ताटाच्या बुडाला हाताची मागची बाजू लावून बघायचे. लेक शेजारी पाटावर बसून होती. "झालं का बाबा?" "नाही. अजून पोटात ऊब आहे." अडीच तास. मग त्यांनीच ताट फ्रीजमध्ये ठेवलं, फ्रीजरमध्ये नाही, खालच्या कप्प्यात, आणि दारावर खडूनं लिहिलं, 'पाचपर्यंत उघडू नये.' दुपारी वीज पुन्हा गेली. कुणी दार उघडलं नाही.

पाच वाजता गल्लीतली चौदा लेकरं ओसरीवर जमली. सासूबाईंनी प्लॅस्टिकला धरून अख्खी लादी उचलली, पाटावर ठेवली आणि रेघेवर अंगठा ठेवून दाबला. कट्ट असा आवाज होऊन पहिला चौकोन सुटला. आतून तपकिरी, मध्ये पांढरट बिस्किटाचे तुकडे, कुठे शेंगदाणा. मोसंबीचा वास आधी आला नाही. खाऊन झाल्यावर, घास गिळताना आला. लेकीनं पहिला चौकोन सासऱ्यांना दिला. त्यांनी तो तोंडात टाकण्याआधी मोडून आतली बाजू उन्हाकडे धरून पाहिली आणि मान हलवली.

चोवीसपैकी दोन उरले. एक भावाबरोबर माहेरी पाठवला.

रात्री नणंदेचा कागद फ्रीजवरून काढला आणि शेवटून दुसऱ्या ओळीतले 'रूम टेंपरेचर' हे शब्द खोडून त्यावर लिहिलं: 'रांजणाशेजारी, ओल्या पोत्यावर, झाकून, बाबांच्या हाताला ताट गार लागेपर्यंत.'