मामांचे भिंग

डोळे शाबूत असलेल्या माणसाचा एक मोठा दोष असा, की आपल्याला जे दिसते ते साऱ्या जगाला दिसते असे तो धरून चालतो. मी तरी आजवर तसाच चालत आलो. त्याची शिक्षा मात्र मला न होता आमच्या मामांना झाली.

त्याचे असे झाले. निवृत्तीनंतर आमच्या पेठेतल्या वाचनालयाची वेबसाइट सांभाळण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. मागच्या दिवाळीत ‘वाचनालय चार दिवस बंद’ ही सूचना मी सुबक अक्षरांत रंगवली, भोवती पणत्या काढल्या आणि तिचे चित्र पहिल्या पानावर चढवले. दाबले की मोठे होईल, अशी सोयही केली. घरात वाहवा झाली.

मामांची दृष्टी काचबिंदूने पन्नाशीतच गेली. वाचनालयात आठवड्यातून एकदा मोठ्याने वाचन होते, ते त्यांनी कधी चुकवले नाही. नेमका तो वार पाडव्यालाच आला. मामा रिक्षा करून गेले. दाराला कुलूप. बिचारे अर्धा तास पायरीवर काठी धरून बसून राहिले.

“अहो मामा, निघण्यापूर्वी वेबसाइट तरी पाहायची!” मी म्हणालो.

“पाहिली की! ये, तुलाही दाखवतो.”

मामांच्या संगणकावर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा एनव्हीडीए नावाचा प्रोग्रॅम आहे. मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये त्याचे काम सुरू केले. तो फुकट मिळतो. मामांनी कळ दाबली. माझी ती देखणी सूचना यंत्र एका सुरात बोलले : “लिंक, ग्राफिक, आयएमजी शून्य शून्य सात तीन.”

मी गप्प बसलो.

वेबसाइटवरच्या प्रत्येक चित्रामागे चार शब्द लिहायला जागा असते. तिला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. चित्र न दिसणाऱ्याला यंत्र तेच शब्द ऐकवते. ही काही कालची युक्ती नव्हे. १९९५ च्या एचटीएमएल नियमांतही ती होती. सिडनी ऑलिंपिकच्या वेबसाइटबद्दल ब्रूस मॅग्वायर या अंध गृहस्थांनी १९९९ मध्ये तक्रार केली, तेव्हा चित्रांमागे शब्द नाहीत हे त्यातले एक मुख्य गाऱ्हाणे होते. २००० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि आयोजकांना २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई देण्याचा आदेश झाला. मामांनी माझ्याकडून एक कप चहावर भागवले, हा त्यांचा मोठेपणा.

मी कामाला लागलो. सूचनेच्या मागे बंदच्या तारखा आणि पुन्हा उघडण्याची वेळ लिहिली. पुस्तके शोधण्याच्या बटणावर भिंगाचे चित्र होते. दिसते ते लिहावे, म्हणून त्यामागे ‘भिंग’ असे लिहिले आणि मामांना ऐकायला बसवले.

“भिंग!” मामा खो खो हसले. “अरे, भिंग घेऊन मी आता काय करू?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चित्र कशाचे आहे हे मामांना नको होते. ते दाबल्याने काय होईल हे हवे होते. ‘भिंग’ पुसून ‘पुस्तक शोधा’ लिहिले. घराच्या चित्रामागचे ‘कौलारू घर’ जाऊन ‘पहिल्या पानाकडे’ आले. मामा भराभर पुढे सरकू लागले.

पण नव्या विद्येचा उत्साह वाईट. प्रत्येक पानाच्या माथ्यावर मी शोभेची पट्टी लावली होती, तिच्यामागे ‘तेवणाऱ्या पणत्यांची सुंदर रांग’ असे लिहून ठेवले. चौथ्या पानावर मामा म्हणाले, “त्या पणत्या विझव रे बाबा!”

विझवण्याचीही रीत आहे. शोभेच्या चित्राची ती जागा ठेवायची, पण कोरी; मग यंत्र मुकाट्याने पुढे जाते. जागाच ठेवली नाही, तर ते कधी फाइलचे नाव बडबडू लागते. कुठे बोलावे याइतकेच कुठे गप्प राहावे हेही कळावे लागते. माझ्यासारख्या निवृत्त मास्तराला ते जरा जडच गेले.

शेवटी एका फोटोशी हात अडला. वाचनालयाच्या सुवर्णमहोत्सवाचा तो फोटो. आमच्या मामी तिथे ग्रंथपाल होत्या; त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली. फोटोमागे मी ‘समारंभाचे छायाचित्र’ असे लिहिले होते. मग मनाशी विचारले, हा फोटो इथे कशासाठी आहे? पान होते ‘आमचे कार्यकर्ते’. म्हणजे माणसांसाठी. मी ते शब्द पुसले आणि लिहिले : ‘वाचनालयाच्या पायऱ्यांवर सात कार्यकर्ते, मधोमध ग्रंथपाल बाई, पुस्तकांचा गठ्ठा छातीशी धरून हसताना.’

मामांनी ते ऐकले. मग कळ दाबून पुन्हा ऐकले. फोटो काढला तेव्हा मामा तिथेच होते, पण त्यांची दृष्टी त्याआधीच गेली होती.

“हसते आहे?” ते हळूच म्हणाले. “मी उशिरा पोहोचलो होतो त्या दिवशी. रागावली असेल, असंच आजवर वाटत होतं मला.”