अब्बांचा डावा हात

गेल्या वर्षी ईद होऊन पंधरा दिवस झाले आणि अब्बांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. ज्या हाताने त्यांनी उर्दू अखबारांची किताबत केली, तो चादरीवर नुसता पडून राहिला. जबान महिनाभरात सुटली, हात नाही. आम्ही दोघे नवरा-बायको शिक्षक, एक उर्दूचा, एक मराठीची. शाळेत मुलांना धीर देतो. घरी शब्द सापडेनात.

त्या दिवसांत आम्ही अल-किंदीचा दुःख दूर करण्याविषयीचा रिसाला वाचत होतो. नवव्या शतकातल्या बगदादच्या या फैलसूफाने युनानी ग्रंथांचे अरबी तर्जुमे करवून घेतले. त्याच्या रिसाल्यात जहाजाचा दाखला आहे. प्रवासी किनाऱ्यावर उतरतात. लवकर परततो त्याला ऐसपैस जागा मिळते. फुलं, शिंपले, दगड वेचत बसतो तो त्या ओझ्यासकट अवघडून बसतो. फुलं तर वाटेतच सुकतात. असाच दाखला त्याच्या आधी, थोडक्यात, एपिक्टेटसच्या शिकवणीत आहे. हा जन्माने गुलाम, पायाने अधू; पुढे सुटका होऊन निकोपोलिसला शिकवू लागला. शरीर, मालमत्ता, नाव यांवर आपली हुकूमत नाही, आपल्या इराद्यावर आहे, असं त्याचं सांगणं.

अब्बांना हे वाचून दाखवलं. ते चिडले. "हाथ मेरा गया है, उस यूनानी का नहीं."

आम्ही वरमलो. धडधाकट माणसाने आजाऱ्याला हिकमत ऐकवणं फार सोपं.

चार दिवसांनी तेच म्हणाले, "इब्न मुक़्ला का तो हाथ काटा गया था." हा बगदादचा वजीर. नुक्त्यांनी अक्षरांचं माप बसवणारा मोठा खत्तात. कैदेत उजवा हात तोडल्यावर त्याने हाताला कलम बांधून लिहिलं, असं सांगतात. "क़लम लाओ."

बोरू कापताना आमच्याकडून तीनदा बिघडला. अब्बा खाटेवरून ओरडत होते. कित्येक दिवसांनी ओरडत होते! अलिफची उंची त्याच कलमाच्या नुक्त्यांनी मोजतात. डाव्या हाताचा पहिला अलिफ आडवा झाला. दोन आठवडे नुसते नुक्ते. नंतर अलिफ, बे. हात चालू असला की भिंतीकडे तोंड करून पडणं नाही, जेवायला हाका मारणं नाही.

मीम अजून बंद होत नाही. काल कागद चुरगळून फेकला, मग नातीकडून उचलून घेतला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पुन्हा लिहायला बसले. दौतीतली शाई तळाला गेली आहे. शाळेतून येताना आणायला सांगितली आहे.