पानी आणि पाणी

गेल्या कार्तिकांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आम्हांस जेऊर येथें जेवावयास बोलाविलें. जेवण हें केवळ निमित्त होतें, हें हात धुतांनाच कळलें. "सर, पोरगी शिरेलीत जायचं म्हनतीय. तुमी सांगाल तसं करू," असें म्हणून त्यानें फडताळांतून वीस हजार रुपयांचें पुडकें काढलें. मुंबईच्या कोणा मध्यस्थानें छायाचित्रें व नांवनोंदणी यांसाठीं ही रक्कम मागितली होती आणि महिन्याभरांत मालिकेंत काम लावून देण्याचें वचन दिलें होतें.

प्राध्यापकाचें कोणत्याही विषयावर मत तयार असतें. परंतु त्या वेळीं आमच्या तोंडून शब्द निघेना. १९९७ सालीं आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनांतील नाटकासाठीं याच गृहस्थानें नांव दिलें होतें. आवाज खणखणीत, उभें राहण्यांत उपजत ऐट. दोष एकच, तो 'पाणी'ला 'पानी' म्हणे. आम्ही तेव्हां इंग्रजी वाङ्मयाची पदवी घेऊन नुकतेच अध्यापक झालों होतों, आणि शुद्धोच्चाराचा आमचा कैफ उतरला नव्हता. सर्वांदेखत आम्हीं त्याजकडून तो शब्द चार वेळां म्हणवून घेतला. मुलें हसलीं. दुसऱ्या दिवशीं तो तालमीस आला नाहीं, आणि आम्हीं त्याला बोलावूनही घेतलें नाहीं.

पुढें याच जेऊरच्या नागराज मंजुळे यांनीं 'फँड्री' काढला. त्यांतील नायक सोमनाथ अवघडे हा जवळच्याच केम गांवचा, हलगी वाजविणारा मुलगा. त्यास उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१६ सालीं 'सैराट' आला, आणि अकलूजच्या रिंकू राजगुरू या शाळकरी मुलीची बोली घरोघरीं गेली. 'सैराट' पाहतांना सभागृह ज्या उच्चारांना टाळ्या देत होतें, ते आम्हीं वीस वर्षें वर्गांत सुधारीत आलों होतों! २०१७ सालीं 'लागिरं झालं जी' या मालिकेनें सातारकडची बोली रोज संध्याकाळीं दिवाणखान्यांत आणून बसविली. आमच्या शेजघरच्या काकूंनाही ती आवडली, याहून मोठें प्रमाणपत्र तें कोणतें?

म्हणून मुलीस पाठवावें काय? इतकें सोपें तें नाहीं. अकलूजच्या एका मुलीस हाक आली म्हणून प्रत्येकीस ती येते असें नव्हे. आम्हीं बापास एवढेंच सांगितलें कीं, प्रामाणिक मध्यस्थ आपला हिस्सा मिळालेल्या मेहनतान्यांतून घेतो, आधीं मागत नाहीं. तेव्हां तें पुडकें फडताळांतच राहूं दे. मालिकेचा दिवस बारा तासांचा, कित्येकदां त्याहून मोठा. आणि केलेल्या कामाचे पैसे बहुधा तीन महिन्यांनीं हातीं येतात. तोंवर मुंबईंतील खोलीचें भाडें कोण भरणार? आरंभीं परिचारिका, शेजारीण, अशीं दोन वाक्यांचीं कामें मिळतील. पण पहिली चांचणी आतां मोबाईलवर घेऊन धाडतां येते. साधी भिंत, दिवसाचा उजेड, नांव, वय, उंची, दोन्ही बाजूंनीं चेहरा आणि मिनिटभर भाषण, यास वीस हजार लागत नाहींत.

"मग आत्ताच घेऊ," मुलगी म्हणाली. तिनें मोबाईल आमच्या हातीं दिला व अंगणांतल्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. विहीर आटल्यावर सासूशीं भांडणाऱ्या सुनेचें तें भाषण तिनें स्वतःच लिहिलें होतें. पहिल्याच वाक्यांत 'पानी' आलें. संवयीनें आमचे ओठ हलले. दाराशीं उभा असलेला तिचा बाप आमच्याकडेच पाहत होता.

भाषण संपलें. मुलीनें चित्रफीत लावून पाहिली आणि म्हणाली, "सर, तुमचा हात हलला. परत घ्यावं लागंल."

आम्हीं दुसरा हात खालीं आधारास धरला.