माझे घुमट

चवथीला आजोळी, पेडण्याला गेले की आरतीत माझी जागा ठरलेली असे. घुमट थोरल्या मामाच्या गळ्यात, शामेळ धाकट्या मामाकडे, कासाळे मामेभावाकडे. आम्हा मुलींनी मागे उभे राहून टाळ्या वाजवायच्या.

दोन वर्षांपूर्वी ऐन आरतीत मामाच्या घुमटाचे कातडे फाटले. ते आजोबांच्या वेळचे, घोरपडीचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय दिलेले; तेव्हा तसे पुन्हा मढवणे शक्यच नव्हते. "बकऱ्याच्या कातड्याला तो नाद नाही. माझे वाजवणे संपले," मामा म्हणाला. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य ठरवले, आणि आमच्याच घरात ते मुके!

मे महिन्यात मी डिचोलीहून मातीचे कोरे घुमट आणले, त्यावर बकऱ्याचे कातडे मढवून घेतले आणि मामापुढे ठेवले. म्हटले, "मामा, मला शिकव."

तो आधी हसला. मग शिकवू लागला. उजव्या हाताच्या बोटांनी कातड्यावर मारायचे आणि डाव्या तळव्याने मागचे लहान तोंड झाकायचे, उघडायचे. या उघडझापेतच सारी गंमत! पण पहिले पंधरा दिवस माझा डावा हात उजव्याला ओळखच दाखवीना. बोटे सुजली. आई म्हणे, "अभ्यासाला एवढी बसली असतीस तर!"

आणि एका संध्याकाळी, कसे ते कळले नाही, दोन्ही हात जुळले. घुमट बोलले. मातीतला तो घुमारा थेट पोटात उतरला. वाचकहो, परीक्षेत पहिला वर्ग मिळाला तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

गेल्या चवथीला पाऊस धो धो पडत होता. दमट हवेने कातडे सैल पडले, ते चुलीच्या धगीला धरून तापवले आणि मी मामाच्या जागी उभी राहिले. पहिल्याच आरतीत दोनदा चुकले. मामा मागे उभा राहून टाळ्या वाजवत होता. तिसऱ्या आरतीला त्याने हात पुढे केला. "आण इकडे."

ती आरती त्याने वाजवली. घुमट परत देताना म्हणाला, "नाद वेगळा आहे गो. पण वाईट नाही."

पुढच्या चवथीला आम्हाला दोन घुमटे लागणार आहेत.