शर्यत नसलेला रस्ता

कांहीं खेळांत हरणें-जिंकणें हें केवळ निमित्त असतें, आणि कांहींत तर तें निमित्तही नसतें. भोंडल्याचा फेर कोणी जिंकत नाहीं. झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला, तूं कोणाला मागें टाकलेंस, असें कोणी विचारीत नाहीं. पडद्यावरच्या मोटारींच्या खेळांत मात्र ही निर्हेतुक मौज फार दुर्मीळ. तेथें प्रत्येकजण पहिला येण्यासाठींच जन्मास आलेला! म्हणूनच जपानांतील सेगा कंपनीनें १९८६ सालीं काढलेल्या ‘आउटरन’ या खेळावर माझा जीव जडला असावा.

या खेळांत शर्यत नाहीं. एक तांबडी, बिनटपाची मोटार, चालविणाऱ्याच्या शेजारीं बसलेली सोनेरी केसांची तरुणी, वर निळें आकाश आणि बाजूला माडांची रांग व समुद्र. वाटेंत ज्या मोटारी आणि मालमोटारी भेटतात त्या आपल्या प्रतिस्पर्धी नव्हेत. त्या बिचाऱ्या आपापल्या कामाला निघालेल्या असतात; आपण त्यांना चुकवावयाचें एवढेंच. वैरी एकच, तो म्हणजे घड्याळ. पुढचा नाका वेळेंत गांठला कीं आणखी थोडा वेळ पदरांत पडतो. निघण्यापूर्वीं मोटारींतला रेडिओ फिरवून तीन सुरावटींतली एक निवडावयाची असते. प्रवासास निघतांना आधीं गाणें कोणतें तें ठरवावयाचें, ही कल्पना ज्याला सुचली तो माणूस रसिक असला पाहिजे.

त्या माणसाचें नांव यू सुझुकी. ‘कॅननबॉल रन’ हा १९८१ चा अमेरिकन चित्रपट पाहून अमेरिका ओलांडून जाणाऱ्या प्रवासाचा खेळ करावा असें त्याच्या मनांत आलें होतें. पुढें तो बेत बदलला आणि भाड्याच्या मोटारींतून तो युरोपांत हिंडून आला. आल्प्सचे उतार, द्राक्षांचे मळे, जर्मनीचे मोठे रस्ते खेळांत दिसतात ते त्या भटकंतीचें फळ. अर्थात् हे सारे डोंगर खोटेच! यंत्राजवळ सपाट चित्रांखेरीज कांहीं नव्हतें. दूरचें झाड लहान काढावयाचें आणि जवळ येतां येतां तेंच चित्र झपाट्यानें मोठें करीत न्यावयाचें, एवढ्या एका युक्तीवर हा वेगाचा भास उभा होता. पण नाटकांतला रंगविलेला पडदा खोटा म्हणून कोणी डोळ्यांतलें पाणी आवरीत नाहीं.

खरी गंमत रस्त्याच्या फांट्यांत आहे. प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस रस्ता दुभंगतो. डावी वाट बहुधा सोपी, उजवी अवघड. प्रदेश एकंदर पंधरा, पण एका खेपेला त्यांतले पांचच दिसावयाचे. मुक्कामाचीं ठिकाणें पांच, आणि तेथें पोहोंचण्याच्या वाटा सोळा. खेळ संपला कीं आपण आलों त्या वाटेचा नकाशा समोर येतो. त्यांत गुणांचा आंकडा असतो, तोही खरा. पण माझी नजर नेहमीं न घेतलेल्या वाटांकडे जाते. मला स्वतःला मोटार हांकतां येत नाहीं. कदाचित् त्यामुळेंच त्या नकाशाची मला अधिक ओढ वाटत असेल.

या पहिल्या खेळाचे वंशज मात्र बापाच्या वळणावर गेले नाहींत. १९८९ च्या ‘टर्बो आउटरन’मध्यें न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला जावयाचें, आणि वाट एकच. फांटे नाहींसे झाले, त्यांच्या जागीं प्रतिस्पर्धी आला, मोटारीला जोरकस भाग बसवून घेण्याची सोय आली. १९९३ च्या ‘आउटरनर्स’नें फांटे परत आणले आणि साऱ्या जगाची सफर घडविली, पण आतां यंत्रें एकमेकांना जोडलेलीं होतीं, आणि शेजारच्या खुर्चींत बसलेला इसम आपल्याला हरविण्यासाठींच आलेला होता. ज्या रस्त्यावर आपण एकटे होतों तेथें गर्दी झाली.

माझे एक स्नेही याला सरळ प्रगति म्हणतात. ‘‘अहो, दहा वर्षें एकट्यानेंच गाडी हांकीत बसावयाचें कीं काय? चार माणसें जमलीं तर खेळ रंगतो,’’ असा त्यांचा युक्तिवाद. त्यांत तथ्य नाहीं असें नव्हे. २००३ चा ‘आउटरन २’ ते विशेष वाखाणतात, आणि तेथें मीही त्यांच्या पंक्तीला बसतों. आतां रस्ता खरोखरीच उंच-सखल झाला, वळणावर मोटार तिरपी घसरवीत नेण्याची नवी लज्जत आली, आणि पंधरा प्रदेशांचा फांटेबाज रस्ता जसाच्या तसा राहिला. एका प्रकारांत तर शेजारची तरुणी फर्माइशी करते: पुढच्या गाड्या मागें टाक, वळणावर घसरून दाखव! १९८६ सालीं ती अपघात झाल्यावर तेवढी रागावत असे. तिला तोंड फुटलें ही प्रगतीच. मात्र प्रवासाचा निवांतपणा त्यामुळें थोडा उणावला, एवढें मी स्नेह्यांना ऐकवितों.

परंतु खरें दुखणें निराळेंच आहे. पहिल्या खेळांतली मोटार उघड उघड फेरारी टेस्टारोसा होती, पण तिच्यासाठीं परवाना घेतलेला नव्हता. २००३ सालीं रीतसर परवाना मिळाला, आणि जें चोरीचें होतें तें साव झालें. परवान्याला मुदत असते. २००९ मध्यें निघालेला ‘आउटरन ऑनलाइन आर्केड’ तबकडीवर नव्हता. तो केवळ तारेवरून विकला जाई. मुदत सरली आणि २०११ अखेरपर्यंत तो दोन्ही दुकानांतून उठला. ज्यांनीं आधीं घेतला त्यांच्याजवळ तो राहिला. नव्या गिऱ्हाइकाला दार बंद. पुस्तकाची आवृत्ति संपली तर जुन्या बाजारांत, कोणाच्या माळ्यावर, एखादी प्रत निघते. या खेळाची प्रत माळ्यावर ठेवावयाची तरी कशी?

मूळ खेळ मात्र टिकला, पण किंचित् वेषांतर करून. २०१४ सालीं जपानांत निन्टेन्डोच्या हातयंत्रासाठीं त्याची नवी आवृत्ति निघाली तेव्हां मोटारीची आकृति थोडी बदलण्यांत आली. मागचा भाग निराळा, खूण निराळी. फेरारीचें नांव घेतां येऊं नये इतपतच फरक. मी तो स्नेह्यांना बोट ठेवून दाखविला. ते चष्मा पुसून बराच वेळ पाहात राहिले. ‘‘समुद्र तोच आहे ना?’’ त्यांनीं विचारलें. तोच होता. पहिला नाका मागें पडला, रस्ता दुभंगूं लागला, आणि अवघड वाट नको म्हणून मी त्यांना सांगणार तोंच त्यांनीं मोटार उजवीकडे घातली.