एम.एस्सी. आणि एकोणतिसाव्या रोज्याचा चांद

२०२२ साली मी कलिन्याला, मुंबई विद्यापीठात, एम.एस्सी. फिजिक्सला प्रवेश घेतला. पाममध्ये ही बातमी पसरली तसे भेटणारा प्रत्येक जण दोनपैकी एक प्रश्न विचारू लागला. ‘म्हणजे तारापूरच्या अणुकेंद्रात लागणार का?’ किंवा ‘अजून किती वर्षं शिकणार?’ पहिल्याचे उत्तर मला माहीत नव्हते. दुसऱ्याचे ‘दोन वर्षं’ असे दिले की विचारणाऱ्या खाला माझ्याकडे न बघता अम्मीकडे बघायच्या. तिसरा प्रश्न एकट्या दादीने विचारला. ‘त्यात चांदाचं काही शिकवतात का गं?’

शिकवतात. पण ते कळायला मला बराच वेळ लागला.

बोईसर ते सांताक्रूझ हे अंतर शंभर किलोमीटरच्या जरा आतले. २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली नसती तर माझ्यासारख्या मुलीने रोज कलिन्याला जायचे, ही गोष्ट घरात कोणी बोललेही नसते. पहाटे अब्बा मला मोटारसायकलवरून स्टेशनला सोडायचे. रात्रपाळी असली तर कंपनीतून परस्पर स्टेशनवर यायचे आणि मी रिक्षाने पोहोचायचे. ते एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बॉयलर अटेंडंट आहेत. मी गाडीत बसेपर्यंत ते प्लॅटफॉर्मवर उभे राहात. पुढे दोन वर्षे माझा अभ्यास बराचसा विरारच्या अलीकडेच झाला, कारण विरारनंतर गर्दीत वही उघडायची सोय नसे.

पहिल्या सत्रात मॅथेमॅटिकल मेथड्स, क्लासिकल मेकॅनिक्स, क्वांटम मेकॅनिक्स आणि सॉलिड स्टेट हे विषय होते. बी.एस्सी.पर्यंत मी पाठांतरावर चांगले गुण मिळवत आले होते. इथे पाठांतराची किंमत शून्य. गोल्डस्टाइनचे पुस्तक समोर उघडे ठेवून पेपर लिहायला दिला असता तरी मला फारसा फायदा झाला नसता, कारण गणित कुठून सुरू करायचे हेच सुचत नव्हते. क्लासिकल मेकॅनिक्समध्ये केटी लागली. दहावीपासून कधी दुसरा नंबर न घेतलेल्या मुलीला केटी! मी घरी तीन दिवस सांगितले नाही. सांगितले तेव्हा अब्बांनी एवढेच विचारले, ‘परत बसता येतं ना?’

ज्या भागात मी नापास झाले तो होता दोन वस्तूंचा एकमेकींभोवती फिरण्याचा. पृथ्वी आणि चंद्र एवढेच दोघे जगात असते तर त्यांचा मार्ग कागदावर पूर्ण सोडवता येतो. त्यात सूर्य आला की सुटसुटीत उत्तर हाती लागत नाही. सूर्याची ओढ चंद्राला कधी पुढे नेते, कधी मागे, आणि त्या प्रत्येक डुगडुगीसाठी हिशेबात एकेक पद वाढत जाते. अशी शेकडो पदे घेऊन चंद्राची जागा काढतात. चांदाचा महिना सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा, पण प्रत्येक महिना तेवढाच नसतो, याचे मूळ इथे आहे. आपले रोजे कधी एकोणतीस, कधी तीस का होतात, त्याचे गणित मी केटीच्या अभ्यासात शिकले.

दुसरी गोष्ट शिकवली प्रयोगशाळेतल्या एका सरांनी. मी पहिल्या प्रयोगाचे उत्तर दशांश चिन्हापुढे पाच आकडे लिहून अभिमानाने दाखवले. त्यांनी त्यातले तीन लाल पेनाने खोडले. म्हणाले, ‘हे तुझ्या कॅल्क्युलेटरने दिले आहेत, तुझ्या उपकरणाने नाही. याचं अधिक-उणे कुठे आहे?’ उत्तर किती, हा अर्धा भाग. ते किती इकडेतिकडे असू शकते आणि का, हा उरलेला अर्धा. तो नसेल तर सर वही परत करायचे. मला तेव्हा हा माणूस खडूस वाटायचा.

चौथ्या सत्रात मी खगोलशास्त्राचा पेपर घेतला. घरी सांगताना मजा यायची. आकाशातल्या दिशेसाठी इंग्रजीत जो ‘अ‍ॅझिमथ’ शब्द आहे तो अरबी ‘सम्त’वरून आला, आणि दादी किब्ल्यासाठी जी ‘सिम्त’ म्हणते तो शब्दही तोच. मोहल्ल्यात सुरैया नावाच्या दोन-तीन बायका असतील. सुरैया म्हणजे कृत्तिकांचा पुंजका. त्याच्या मागोमाग येणारा तारा तो अद-दबरान, म्हणजे पाठोपाठ येणारा. मराठीत त्यालाच रोहिणी म्हणतात. मेघनाद साहांनी १९२० मध्ये मांडलेले समीकरण वापरून ताऱ्याच्या प्रकाशावरून त्याचे तापमान कसे ओळखायचे, हे शिकले त्या रात्री मी गच्चीवर बराच वेळ उभी होते. आमच्याकडून एमआयडीसीच्या दिव्यांमुळे तारे मोजकेच दिसतात. तेवढे पुरले.

इथे थोडे विषयांतर करते. आपल्या जलशांत अल-बिरुनी आणि इब्न अल-हैसम यांची नावे घेतली की टाळ्या मिळतात. पण अल-बिरुनीने डोंगराची उंची मोजून आणि माथ्यावरून क्षितिज किती खाली दिसते ते पाहून पृथ्वीचा आकार काढला, म्हणजे प्रत्यक्षात किती कंटाळवाणी मोजमापे केली असतील, हे कोणी सांगत नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या मुलींना फिजिक्सला घालायची वेळ आली की मग ‘बी.एड. बरं’.

आता २०२४ च्या रमजानकडे येते. ९ एप्रिलला मंगळवारी एकोणतिसावा रोजा होता. त्याच दिवशी गुढीपाडवाही होता. पाडवा आणि ईद दोन्ही एकाच चंद्राच्या हिशेबाने ठरतात. पंचांग अधिक महिना घालून ऋतू सांभाळते, आपण घालत नाही, म्हणून हे दोन सण कधी जवळ येतात आणि मग पुन्हा लांब जातात. कॅलेंडरात ईद गुरुवारी, ११ तारखेला छापलेली होती. मी वही काढून बसले. अमावास्येचा क्षण ८ एप्रिलच्या रात्री ११ वाजून ५१ मिनिटांचा. अमेरिकेत त्याच वेळी खग्रास सूर्यग्रहण होते. म्हणजे मंगळवारी मगरिबला चांद एकोणीस तासांचा. सूर्यापासून अंतर अकरा अंशांच्या आसपास. सात अंशांच्या आत चंद्रकोर दिसतच नाही, असे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दांजाँ यांनी मांडले होते; आपला चांद त्याच्या बराच बाहेर. सूर्यानंतर मावळायला पाऊण तास. सगळे अनुकूल.

मी घरात जाहीर केले, ‘ईद बुधवारी. कॅलेंडर चुकलंय.’

अब्बांना गुरुवारची सुट्टी होती. बॉयलर सणावारी थांबत नाही, त्यामुळे पाळ्या आधीच वाटून घ्याव्या लागतात. त्यांनी मला पुन्हा एकदा विचारले, ‘नक्की?’ मी म्हटले, ‘शंभर टक्के.’ त्यांनी एका सहकाऱ्याशी अदलाबदल केली, बुधवारची सुट्टी घेतली आणि गुरुवारची पहिली पाळी स्वतःकडे. अम्मीने शीरखुर्म्याचे दूध जास्तीचे सांगून ठेवले. धाकट्या बहिणीने असरलाच मेंदी काढायला घेतली.

संध्याकाळी खजूर आणि पाण्याची बाटली घेऊन आम्ही चिंचणीच्या किनाऱ्यावर गेलो. बरेच लोक आले होते. मी भावाला हात लांब करून मूठ धरायला शिकवली: मूठ म्हणजे साधारण दहा अंश, सूर्य मावळला की त्याच्या वर मुठीएवढ्या उंचीवर शोधायचे. पण सूर्य पाण्यापर्यंत पोहोचलाच नाही. समुद्रावर राखाडी पट्टा होता, चार बोटे उंच, आणि सूर्य त्या पट्ट्यात शिरला तो लाल होत होत पुसून गेला. तिथेच मला समजायला हवे होते. डोक्यावरच्या ताऱ्याच्या तुलनेत क्षितिजावरचा प्रकाश जवळपास चाळीसपट हवेतून येतो, पाच अंशांवरचा दहापट. हे त्याच महिन्यात परीक्षेसाठी लिहून काढले होते. चांद तर एक टक्काही उजळलेला नव्हता. आभाळ पुरेसे काळे होईपर्यंत तो त्या पट्ट्यात उतरला असणार. आम्ही इफ्तार केला, नमाज वाळूवर पढलो, पुन्हा पाहिले. मागे कोणी तरी म्हणाले, ‘चला, उद्या तिसावा.’

रात्री बातम्या आल्या. केरळात चांद दिसला, तिथे ईद बुधवारी. काश्मीर-लडाखमध्येही बुधवारी. महाराष्ट्रात गवाही मिळाली नाही, ईद गुरुवारी. मला वाटले, पाहा, मी बरोबर होते! मोबाईल घेऊन अब्बांना दाखवायला गेले. ते फोनवर त्या सहकाऱ्याशी बोलत होते. तो सुट्टी धरून गावी जायला निघालाही होता.

बुधवारी अब्बा तिसावा रोजा धरून घरी बसले. मगरिबला गच्चीवरून जो चांद दिसला तो चांगला जाड, ठसठशीत. शेजारच्या गच्चीवरून आवाज आला, ‘हा तर दोन दिवसांचा! कालचा रोजा फुकट!’ दादीने वर न बघताच उत्तर दिले की सहाबांच्या काळातही लोक असे म्हणाले होते, तेव्हा हजरत इब्न अब्बास (रजि.) यांनी सांगितले की ज्या रात्री पाहिलात त्याच रात्रीचा तो. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. मी नंतर काढून पाहिली.

गुरुवारी, ईदच्या सकाळी, सव्वासहाला अब्बा युनिफॉर्म घालून निघाले. त्यावर अत्तर लावले होते. डब्यात शीरखुर्मा. नमाज साडेसातला होती आणि चालू बॉयलर सोडून कोणाला जाता येत नाही. मी दारात उभी होते. ते काही बोलले नाहीत, ईद मुबारक म्हणाले आणि गेले. भाऊ एकटाच ईदगाहला गेला.

दुपारी ते परत आले तेव्हा मी माफी मागितली. ते जेवत होते.

‘चांद आभाळात होता ना?’ त्यांनी विचारले.

‘होता.’

‘मग हिशोब बरोबर. पण मी तुला चांद कुठे आहे ते विचारलं नव्हतं. मी विचारलं होतं सुट्टी कधी घेऊ.’

मग हात धुऊन त्यांनी मला बॉयलरविषयी सांगितले. इतक्या वर्षांत कधी सांगितले नव्हते, मीही कधी विचारले नव्हते. बॉयलरमधले पाणी किती आहे हे दाखवायला काचेच्या नळ्या असतात, गेज ग्लास. एक नाही, दोन. दोन्हींत पातळी सारखी दिसली तर ठीक. वेगळी दिसली तर कोणत्याच काचेवर विश्वास ठेवायचा नाही. वाफ सोडून नळ्या साफ करायच्या आणि पुन्हा बघायचे. ‘काच घाण असेल तर आत पाणी असूनही दिसत नाही. तेव्हा पाणी आहे की नाही, हा एक सवाल. काच साफ आहे की नाही, हा दुसरा. नवीन पोरं पहिल्याचंच उत्तर देतात.’

सरांनी लाल पेनाने खोडलेले तीन आकडे मला तेव्हा आठवले. माझ्या ‘शंभर टक्के’ला अधिक-उणे नव्हते. चांदाच्या जागेची चूक मी मिनिटांत सांगू शकत होते, पण चिंचणीच्या धुरक्याचा अंदाज हिशेबात घेतलाच नव्हता, आणि दिसणे-न दिसणे सगळे त्यावर होते.

त्या उन्हाळ्यात परीक्षा संपल्यावर मी रुयते-हिलालचे मसले वाचले. आम्ही शाफई, पण हनफी किताबांतली एक गोष्ट वाचून मी थक्क झाले. आभाळ मळलेले असेल तर ईदच्या चांदासाठी दोन विश्वासू साक्षीदार पुरतात. आभाळ स्वच्छ असेल तर दोघे पुरत नाहीत, मोठा समूह लागतो. कारण निरभ्र आकाशात चांद असता तर इतरांनाही दिसला असता, मग दोघांनाच कसा दिसला? पुराव्याचे वजन परिस्थितीप्रमाणे बदलते, हे आम्हाला स्टॅटिस्टिक्सच्या तासाला ग्रीक अक्षरांत शिकवले होते.

पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, एकोणतिसावा रोजा ३० मार्चला, रविवारी आला. योग असा की त्या दिवशीही पाडवाच. आठवडाभर आधी अब्बांनी स्वतः विचारले, ‘बोला, प्रोफेसर.’ (मी आता ज्युनियर कॉलेजच्या मुलांना शिकवते आणि नेटची तयारी करते, त्यावरून ही थट्टा.) मी वही काढली. चांद सव्वीस तासांचा, गेल्या वेळेपेक्षा बराच जाड, सूर्यापासूनही लांब.

‘आभाळ मोकळं असेल तर दिसायलाच हवा,’ मी म्हटले. ‘गेल्या वर्षीसारखा पट्टा असला तरी यंदा थोडा वर राहील. पण ढग आले तर नाही. दहात नऊ सोमवार, एक मंगळवार. सोमवारवर सगळं लावू नका.’

अब्बांनी त्याच सहकाऱ्याला फोन लावला. ‘सोमवार नाहीतर मंगळवार. रविवारी रात्री आठला पक्कं सांगतो. तोवर तू गावी जाऊ नकोस, बाबा.’

रविवारी आम्ही पुन्हा चिंचणीला गेलो. पट्टा होताच, पण बारीक. मी हात लांब करून मूठ धरली आणि तिच्या वर शोधू लागले. अब्बांनी माझे मनगट धरून जरा डावीकडे सरकवले.

‘तिथे,’ ते म्हणाले, आणि खिशातून फोन काढला.